गुन्हा कबूल नाही!

दोस्तहो, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठोकून घ्या. अंग विकणं हा या देशाच्या कायद्यात गुन्हा नाही. पुन्हा वाचा. नाही. कोठा चालवणं गुन्हा आहे. पोरीला फसवून, विकत आणून धंद्याला लावणं गुन्हा आहे. तिला खोलीत डांबून ठेवणं गुन्हा आहे. पण ज्या बाईचं अंग आहे तिने पैसे घेतले, एवढ्यावरून तिला आरोपी करणारं एकही कलम १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात नाही. ज्याला पोलीस आणि वकील 'पिटा' म्हणतात, तोच हा कायदा.

मग कोर्टाच्या बाकड्यावर कोण बसलेलं असतं? कोठ्याचा मालक? चौपट भाडं खाणारा जागावाला? गावाकडनं पोरगी आणणारा दलाल? छट्. बाई बसलेली असते. तोंडावर पदर ओढून, कुणी फोटो काढील म्हणून मान खाली घालून. नाव पुकारलं जातं. गुन्हा कबूल? कबूल. दंड भरा. पुढची. एक विडी ओढून होईस्तोवर चार बायांचा न्याय होऊन जातो.

मी वकील नाही. चळवळीतला पोरगा आहे, कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून राहून कलमं पाठ झालेला. मला आज बोलायचंय ते त्या एकाच शब्दाबद्दल. कबूल.

हा शब्द तिच्या तोंडात घालतं कोण? हवालदार सांगतो, कबूल म्हण आणि संध्याकाळी घरी जा. घरवाली तेच सांगते, कारण तिला संध्याकाळी धंद्याला बाई हवी. घरवालीने पाठवलेला वकील तेच सांगतो, कारण त्याची फी घरवाली देते आणि ती पुढे बाईच्या कर्जात चढते. मॅजिस्ट्रेटसमोर फायलींचा ढीग असतो, 'कबूल' म्हटलं की एक फाईल खाली. सगळ्यांचा फायदा त्या एका शब्दात आहे. बाई गणित करते: लढायचं तर तारखा, तारखेला दिवस बुडणार, जामीनदार कुठून आणायचा, पोराला कुणाकडे ठेवायचं. तिचं गणित चुकीचं नाही. तिला अर्धीच आकडेवारी सांगितलेली असते.

उरलेली अर्धी आपण सांगू. रस्त्यावरून उचललेल्या बाईवर बहुधा कलम ८ लागतं, गिऱ्हाईकाला इशारे करून बोलावणं, भुलवणं. पहिल्या वेळी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाचशे रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तिला फक्त ते पाचशे दिसतात. दुसऱ्यांदा दोषी ठरली तर कैद एक वर्षापर्यंत आणि वर दंड. म्हणजे आज 'कबूल' म्हणून घेतलेली पावती ही उद्याच्या मोठ्या शिक्षेची पहिली पायरी. आणि त्याच्याही पुढे कलम १० अ उभं आहे, ज्याचं नाव हवालदार कधी काढत नाही. कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या बाईला कोर्ट शिक्षेऐवजी सुधार संस्थेत पाठवू शकतं. किती दिवस? दिवस नाही. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. पाचशे रुपयांच्या शब्दाची ही खरी किंमत.

आता याच कलम ८ चं शेपूट बघा. हाच गुन्हा पुरुषाने केला तर त्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने. बाईची वरची मर्यादा सहा महिने, पुरुषाची तीन. त्याला सात दिवस चुकत नाहीत हे खरं, पण तोलाचा काटा कुठे झुकलाय हे सांगायला वेगळा पंडित नको. समतेच्या घटनेखाली हे कलम खुशाल जगतंय.

आता बचावाकडे या. 'उभी होती' हा गुन्हा नाही. सजून उभी होती हाही नाही. त्या वस्तीत राहते हा तर नाहीच. कलम ८ ला दोन गोष्टी लागतात. एक, जागा सार्वजनिक हवी किंवा सार्वजनिक जागेवरून दिसेल-ऐकू येईल अशी हवी. दोन, शब्दाने, हावभावाने, अंग दाखवून तिने धंद्यासाठी कुणाला बोलावलं पाहिजे, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास होईल अशा रीतीने धंद्यासाठी रेंगाळली पाहिजे. मग विचारा ना कोर्टात! कुणाला बोलावलं? तो माणूस कुठे आहे? त्याचा जबाब कुठे? कुठल्या शब्दात बोलावलं? त्रास झाला तो रहिवासी कोण? दहापैकी दहा बायांच्या कागदावर तेच वाक्य, तोच हावभाव, तीच वेळ कशी? कागदावरच्या दहा बाया एका साच्यातून काढल्यासारख्या दिसल्या तर तो साचा ठाण्यात आहे, रस्त्यावर नाही. आणि पिटा बसत नसला की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० लावतात, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. तिथेही प्रश्न तोच. वर्तन काय केलं? बाई असणं हे वर्तन नव्हे.

कलम ७ असेल तर वेगळे प्रश्न. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत, किंवा पोलीस आयुक्ताने वा जिल्हा मॅजिस्ट्रेटने तसं जाहीर केलेल्या जागी धंदा केला तर हे कलम. अंतर कुणी मोजलं? नकाशा कुठे? अधिसूचना कुठल्या तारखेची? शिवाय हे कलम बाईबरोबर गिऱ्हाईकालाही शिक्षा सांगतं, दोघांना सारखीच, तीन महिन्यांपर्यंत. तेव्हा मोठ्याने विचारा, साहेब, दुसरा आरोपी कुठाय? तो बायकोला तोंड दाखवायला घरी गेला काय?

छापा असेल तर कागद तपासा. या कायद्याखालचा तपास कुणीही सोम्यागोम्या फौजदार करू शकत नाही. त्यासाठी नेमलेला खास पोलीस अधिकारी लागतो आणि तो इन्स्पेक्टरच्या खालचा चालत नाही. १९६१ साली दिल्लीच्या रामसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर आधी कारण लिहून ठेवावं लागतं. वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांत निदान एक बाई. बरोबर दोन महिला पोलीस लागतात. बाईची चौकशी महिला पोलिसानेच करायची. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्याआधी बाईला अटक करायची तर अपवादाचं कारण पाहिजे, महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने झडतीचं चित्रीकरण सांगितलंय, तेही मागा. बनावट गिऱ्हाईकाच्या खिशातल्या नोटांचे नंबर छाप्याआधी लिहिले की नंतर? पंच किती खटल्यांत पंच आहे? ठाण्याच्या खिशातला पंच बाहेर काढला की अर्धा खटला तिथेच आडवा होतो.

आणि वकिलाला पैसे? लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. १९८६ च्या सुक दास खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फुकट वकील मिळतो हे गरीब आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे. तिने मागितला नाही ही सबब चालत नाही. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? 'गोलपिठा' तोंडपाठ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. त्या गोलपिठ्यातल्या बाईला कलम ८ समजावून सांगणारे किती?

पण सगळ्यात मोठी गोम पुढेच आहे. कलम ८ जामीनपात्र आहे. आरोपी म्हणून आणलेली बाई जात मुचलक्यावर, नाहीतर जामिनावर सुटू शकते. कोठ्यावरच्या छाप्यात सापडलेल्या बाईला मात्र आरोपी करत नाहीत. तिला 'पीडित' म्हणतात. वा, किती दया! या दयेचं नाव कलम १७. चौकशीसाठी तीन आठवड्यांपर्यंत ताबा आणि मग एक ते तीन वर्षं संरक्षणगृह. पीडितेला जामीन नाही, कारण ती आरोपी नाही. गुन्हेगार असती तर संध्याकाळी घरी गेली असती, निष्पाप आहे म्हणून वर्षभर कुलपात. घरवाली जामिनावर सुटून पुन्हा कोठ्यावर बसते आणि जिला 'सोडवली' ती गजाआड शिवणकाम शिकते.

ही दया जात कशी हुंगते ते ऐका. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत मालाडला छापा पडला. वीस, बावीस, तेवीस वर्षांच्या तीन बाया पकडल्या, उत्तर प्रदेशातल्या. तिघी सज्ञान. आया ताबा मागायला आल्या. मॅजिस्ट्रेटने ताबा नाकारला आणि वर्षभर डांबायचा हुकूम काढला. कारण काय दिलं? या बाया बेडिया जमातीच्या आहेत, त्या जमातीत पोरीला धंद्याला लावायची रीत आहे, म्हणून आईबापाकडे देणं सुरक्षित नाही. सत्र न्यायालयाने हुकूम कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. सांगितलं की वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही, या बायांनी कुणाला भुलवल्याचा किंवा कोठा चालवल्याचा कागद नाही, आणि सज्ञान बाईला कुठे राहावं, काय काम करावं हे ठरवायचा हक्क घटनेने दिलाय. २०२३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने मुलुंडच्या छाप्यातल्या एका बाईच्या बाबतीत असाच निकाल दिला. तिलाही मॅजिस्ट्रेटने वर्षासाठी आत पाठवलं होतं. ती दोन लेकरांची आई.

निकाल चांगले आहेत, पण मधलं वर्ष कुणी भरून दिलं? आणि ते कारण पुन्हा वाचा. जमातीत रीत आहे. म्हणजे या तिघींनी काय केलं हा प्रश्नच नाही, जन्म कुठे झाला हा पुरावा. इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा याहून वेगळं काय म्हटलं होतं? तो कायदा १९५२ साली गेला म्हणतात. कागदावरून गेला, खुर्चीतल्या डोक्यातून कुठे गेला? आपल्या वस्तीतली जोगतीण, मुरळी, देवदासी, तमाशातली कोल्हाटीण, यांना पाहिल्याबरोबर ज्याच्या डोक्यात कलम उमटतं तो कायदा वाचत नाही, मनुस्मृती वाचतो. धर्माने आधी पोरीला देवाला सोडायचं, गावच्या पाटलाने तिच्यावर पहिला हक्क सांगायचा, शहराने तिला पिंजऱ्यात बसवायचं, आणि शेवटी कोर्टाने म्हणायचं की तुमच्यात ही रीतच आहे. अरे, रीत कुणाची? उपभोगणाऱ्याची रीत, भोगणारीच्या जातीवर लिहिली.

आता आपल्या लोकांशी बोलायचंय, कारण खरी गोची आपल्यातच आहे. हा विषय काढला की आपल्यातले पुढारी खाकरतात. म्हणतात, बाबासाहेबांनीच सांगितलंय हा धंदा सोडा म्हणून, मग आपण या बायांची वकिली कशाला करायची? बरोबर आहे, सांगितलंय. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी आपल्यातल्या देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांना समोर बसवून कठोरपणे सांगितलं की हे लाजिरवाणं जिणं टाकून द्या, समाजाबरोबर यायचं तर ते सोडून या. मी ते भाषण झाकून ठेवणार नाही. पण बाबासाहेब कुणाशी बोलत होते ते बघा. त्यांनी बायांना हाक मारली, हवालदाराला नाही. माणूस समजून, तुम्ही हे करू शकता असं समजून हाक मारली. पिंजऱ्याच्या गाडीत कोंबा असं ते म्हणाले नाहीत. त्या हाकेला वॉरंट समजणारे आपले पुढारी बाबासाहेबांचे अनुयायी आहेत की ठाण्याचे खबरी?

आणि त्याच्या दोन वर्षं आधीचं सालही ध्यानात ठेवा. १९३४. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. संततिनियमन, लैंगिक प्रश्न यांवर उघड लिहिणारा हा माणूस सभ्य समाजाला नकोसा झालेला. त्याचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले. नीतीच्या नावाने ज्याला आरोपी केलं त्याच्या बाजूने कोर्टात उभं राहायचं, आणि आपल्या माणसांना गुलामीतून बाहेर या म्हणून कठोर सांगायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. आपल्याला त्यातलं एकच का जमतं, तेही फक्त बायांना सांगण्यापुरतं?

आणखी एक भ्रम मोडा. आपण या बायांना उद्धरायला निघालोय असा. त्या आपल्या कितीतरी आधी कोर्टाची पायरी चढल्या. हा कायदा १ मे १९५८ ला अमलात आला. त्याच दिवशी अलाहाबाद हायकोर्टात हुस्नाबाई नावाच्या चोवीस वर्षांच्या बाईने अर्ज टाकला की हा कायदा माझ्या घटनेतल्या हक्कावर येतो. अर्ज तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला. पण त्या बाईला घटना कळली होती, आठ वर्षांची कोवळी घटना! पुढे कानपूरच्या बायांना शहर सोडायच्या नोटिसा निघाल्या, कलम २० खाली. त्या लढल्या, हायकोर्टात जिंकल्या, आणि सुप्रीम कोर्टात कौसल्या खटल्यात हरल्या. ते कलम वैध ठरलं. हरल्या तरी 'कबूल' म्हणाल्या नाहीत. आपल्या सांगलीच्या बायांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली, स्वतःच्या नावातच 'अन्याय' शब्द घातला. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात, दीक्षाभूमीच्या शहरात, पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीला बॅरिकेड घातले तेव्हा बाया रस्त्यावर उतरल्या. आपले निळे झेंडे त्या दिवशी किती होते, ज्याने त्याने मोजावे.

एक इशारा. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने बुद्धदेव करमसकर खटल्यात आदेश दिला. खंडपीठावर अमरावतीचे न्या. गवई होते. पेपरांनी ठळक छापलं की आता पोलीस या बायांना हात लावू शकत नाहीत. ते कात्रण घेऊन ठाण्यात जाल तर तोंडावर पडाल. सज्ञान बाईच्या धंद्यात पोलिसांनी पडू नये, छाप्यात तिला अटक करू नये, या समितीच्या शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतलीय. कोर्टाने राज्यांना जे पाळायलाच सांगितलं ते वेगळं: संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मनाविरुद्ध कोंडलेल्या सज्ञान बायांच्या सुटकेचा विचार ठराविक मुदतीत करा, पोलिसांनी माणुसकीने वागावं, छाप्यातल्या बायांची ओळख, फोटो छापू नयेत, निरोध सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये. एवढं हातात आहे. पण एवढंही थोडं नाही. आपल्या शहरातल्या संरक्षणगृहाची पाहणी झाली का, हा अर्ज कुणी केलाय?

मला विचारतील, मग तू या धंद्याच्या बाजूने आहेस का? नाही. जातीने आणि भुकेने भरलेल्या या बाजाराला मी 'व्यवसायाचं स्वातंत्र्य' असं गुलाबपाणी शिंपडणार नाही. तो बाजार मोडलाच पाहिजे. पण तो बायांना मोडून मोडत नाही. दंड भरलेली बाई घरवालीच्या कर्जात आणखी खोल जाते. सुधारगृहातून वर्षाने सुटलेली बाई त्याच गल्लीत परत येते, कारण बाहेर तिला खोली कोण देतो, काम कोण देतो? कलम ४ तर असं आहे की तिच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार. दलाल त्यात येतो, ठीक. पण तिची म्हातारी आईही येते, तिने शिकवलेला एकोणीस वर्षांचा पोरगाही येतो. धंदा हवा की नको हा वाद आपण सभेत घालू, रात्रभर घालू. कोर्टात प्रश्न एवढाच असतो की या बाईने, या दिवशी, या कलमातला गुन्हा केला का. तिथे तिच्या बाजूने उभं राहणं म्हणजे धंद्याच्या बाजूने उभं राहणं नव्हे.

तेव्हा मित्रांनो, कविता वाचून झाली असेल तर कामाला लागा. प्रत्येक छावणीने दोन पोरी, दोन पोरं या कामाला द्यावीत. विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे ते बघून यावं, वकिलांची यादी मागावी. रात्री गाडी भरली की सकाळी कोर्टात हजर राहावं. बाईशी पोरींनी बोलावं, आणि नाव पुकारण्याआधी बोलावं. तिला काय हवंय ते आधी विचारावं. वस्तीतून बाहेर पडायचं असेल तर तो रस्ता, नसेल तर निदान आजची सुटका. भाषण झोडू नये. तिला घाईने हो म्हणायला लावू नये, नाही म्हणायलाही लावू नये. दोन्ही शब्दांची किंमत रुपयांत आणि वर्षांत सांगावी, आणि वकील मिळेपर्यंत थांबायचा तुझा हक्क आहे हे सांगावं. रेशनकार्ड असलेल्यांनी जामीनदार म्हणून उभं राहावं. वस्तीत आपली पत जाईल म्हणून जो कचरतो, त्याने मोर्चात माझ्या शेजारी चालू नये.

मॅजिस्ट्रेट विचारील, गुन्हा कबूल?

त्या बाईच्या मागे चार माणसं उभी असतील, हातात वकीलपत्र असेल, तर ती मान वर करील. तिचं उत्तर तिलाच देऊ द्या. ते दिल्यावर एकटी पडणार नाही एवढीच जबाबदारी आपली.